समुद्राला खिडकी पाडणारी माणसं

1912 साली दादासाहेब फाळके लंडनला गेले आणि तिथे त्यांनी एक विल्यमसन कॅमेरा खरेदी केला. मुंबईला परतल्यावर त्या कॅमेऱ्याने त्यांनी आधी टिपला तो कुंडीत पेरलेला वाटाणा. हरिश्चंद्र राजाची पाळी नंतर आली. रोज थोडं थोडं चित्रण करत महिन्याहून अधिक काळ त्यांनी त्या रोपासमोर काढला. पडद्यावर ते रोप मिनिटभरात मातीतून वर आलं, तेव्हा पैसा लावणाऱ्या मंडळींचा विश्वास बसला. ‘अंकुराची वाढ’ ही मराठी माणसाने केलेली निसर्गपटाची अगदी सुरुवातीची खटपट. पुढच्या वर्षी, 3 मे 1913 रोजी, गिरगावच्या कॉरोनेशन सिनेमागृहात ‘राजा हरिश्चंद्र’ लागला.

त्याच वर्षी अमेरिकेच्या व्हर्जिनिया राज्यातल्या नॉरफोक बंदरात आणखी एक विल्यमसन कॅमेरा घेऊन पाण्याखाली उतरला. फाळक्यांचा कॅमेरा बनवणारे विल्यमसन इंग्लंडमधले. हा जॉन अर्नेस्ट विल्यमसन वेगळाच, वर्तमानपत्रात बातम्या आणि व्यंगचित्रं देणारा. आडनाव सारखं असणं हा निव्वळ योगायोग. दोघांना वेड मात्र एकच होतं. जे घडतं पण डोळ्याला दिसत नाही, ते पडद्यावर आणायचं. फाळक्यांच्या आड काळ येत होता, विल्यमसनच्या आड पाणी.

पाणी हा कॅमेऱ्याचा जुना वैरी. उजेड पाण्यात शिरला की त्याची गळती सुरू होते. पहिल्या काही मीटरमध्येच तांबडा रंग नाहीसा होतो, मग नारिंगी, मग पिवळा. खोलवर माशाच्या अंगातून रक्त आलं तर ते हिरवट-काळं दिसतं. सपाट काचेतून पाण्यात पाहिलं तर सगळं तिसऱ्या हिश्शाने मोठं आणि जवळ भासतं, पण दृष्टीचा आवाका तेवढाच आकसतो. त्यात गाळ, शेवाळ आणि सूक्ष्म जीव तरंगत असले, तर पुढचं सगळं धुकंच. शिवाय माणसाला श्वास लागतो, कॅमेऱ्याला कोरडेपणा लागतो आणि समुद्र दोन्ही द्यायला तयार नसतो.

फ्रान्सच्या दक्षिण किनाऱ्यावर बान्यूल्स इथल्या प्रयोगशाळेत काम करणाऱ्या लुई बुताँ या जीवशास्त्रज्ञाने 1893 मध्ये ही अडचण अर्धी सोडवली. भाऊ ऑग्युस्त याच्या मदतीने त्याने कॅमेऱ्यासाठी पाणबंद पेटी करवून घेतली, पाणबुड्याचा पोशाख चढवला आणि समुद्रतळावर उभं राहून फोटो काढले. त्या काळच्या काचेच्या प्लेटांवर प्रतिमा उमटायला कधी कधी अर्धा तास लागे. तोवर माशांनी हलू नये अशी अपेक्षा करणं व्यर्थ होतं. त्यामुळे खडक मिळाले, समुद्री गवत मिळालं, समुद्रातली धावपळ मात्र हाती लागली नाही. ती पकडायला सिनेमाच हवा होता.

विल्यमसनच्या हाती त्याची किल्ली घरातूनच आली. वडील चार्ल्स जहाजाचे कप्तान. बुडालेल्या जहाजांमधला माल काढण्यासाठी त्यांनी एक नळी तयार केली होती. एकमेकींत अडकणाऱ्या लोखंडी कड्यांची ती नळी लांबवता आणि आखडता येत असे. वरचं तोंड तराफ्यावर उघडं, त्यामुळे आत नेहमीचीच हवा. उतरणाऱ्याच्या अंगावर पाण्याचा दाब येण्याचा प्रश्नच नाही. मुलाने नळीच्या खालच्या टोकाला एक पोलादी कोठी जोडली आणि तिला जाड काचेची मोठी खिडकी बसवली. आत माणूस, कॅमेरा आणि बसायची जागा. या कोठीला त्याने ‘फोटोस्फिअर’ म्हटलं आणि वरच्या तराफ्याला नाव दिलं ‘ज्यूल्स व्हर्न’.

1914 मध्ये तो हे सगळं लटांबर घेऊन बहामा बेटांवर पोचला. तिथलं पाणी स्वच्छ, तळाची वाळू पांढरी, त्यामुळे ऊन खोलवर जाई. कॅमेरा चालवायला कार्ल ग्रेगरी होता. प्रवाळाचे बगीचे, माशांचे थवे आणि बुडालेल्या जहाजांचे सांगाडे त्यांनी टिपले. पण शेवट दमदार हवा म्हणून मेलेला घोडा पाण्यात सोडून शार्क गोळा केले गेले. स्थानिक पाणबुड्याने शार्कशी झुंज घ्यावी असा बेत होता. झुंज होई, पण कॅमेऱ्याच्या चौकटीबाहेर. अखेर विल्यमसनने स्वतःच्या अंगाला ग्रीस फासलं, सुरा घेऊन पाण्यात उडी टाकली आणि काचेच्या नेमक्या समोर शार्क मारला. ही हकिगत त्याने स्वतःच आत्मचरित्रात लिहून ठेवली आहे. ‘थर्टी लीग्ज अंडर द सी’ या नावाने तो चित्रपट त्याच वर्षी लोकांसमोर आला आणि समुद्राच्या पोटातलं जग पडद्यावर पहिल्यांदा हललं.

माहितीपट म्हणून त्याचं कौतुक करताना एक गोष्ट डोळ्यांआड करता येत नाही. पहिल्याच खेपेला सत्याला शेंदूर फासला गेला होता. मासे खरे, प्रवाळ खरं, शार्कचं मरणही खरं, पण ते मरण कॅमेऱ्यासाठी घडवलेलं. पाण्याखालच्या चित्रपटांच्या पाठीमागे हा प्रश्न तेव्हापासून लागला तो आजतागायत सुटलेला नाही. दोन वर्षांनी, 1916 मध्ये, युनिव्हर्सल कंपनीने ज्यूल्स व्हर्नच्या पाणबुडीच्या कादंबरीवर चित्रपट काढला. त्यात विल्यमसनने रबराचा ऑक्टोपस बनवून आत माणूस घातला आणि त्या यंत्राचं पेटंटही घेतलं. निदान तिथे तरी कथा कथा म्हणून सांगितली जात होती.

या चित्रपटाशी आपलं एक नातं आहे. पाणबुडीचा कप्तान नेमो हा व्हर्नच्या कल्पनेत हिंदुस्थानी आहे. तो बुंदेलखंडचा राजपुत्र डक्कार, 1857 च्या उठावात सर्वस्व गमावलेला आणि इंग्रजांवर दात धरून समुद्रात राहणारा. हे रहस्य व्हर्नने पुढच्या ‘मिस्टीरियस आयलंड’ या कादंबरीत उलगडलं. 1916 च्या चित्रपटाने दोन्ही कथा एकत्र गुंफल्यामुळे तो राजपुत्र तिथेही दिसतो. भा. रा. भागवतांनी व्हर्न मराठीत आणला आणि आपल्याकडच्या कितीतरी मुलांनी समुद्रतळ आधी पाहिला तो भागवतांच्या पानांवर. फाळक्यांनीही 1919 च्या ‘कालियामर्दन’मध्ये यमुनेच्या डोहातली झुंज रंगवली. कृष्ण झाली होती त्यांची मुलगी मंदाकिनी. पुराणकथेतला डोह असो की व्हर्नचा महासागर, पाण्याच्या आत काय चाललंय हे पाहण्याची ओढ एकच.

विल्यमसनने माणसाला कोरड्या कोठीत बसवून समुद्राला खिडकी पाडली. दुसरा मार्ग काढला ज्याँ पेंलव्हे या फ्रेंच माणसाने. त्याने समुद्रच घरात आणला.

पेंलव्हेचे वडील पॉल हे नामवंत गणिती आणि फ्रान्सचे पंतप्रधान. मुलगा जीवशास्त्र शिकलेला, पण मन सिनेमात आणि पॅरिसच्या अतिवास्तववादी कलावंतांच्या अड्ड्यांत. 1920 च्या दशकाच्या शेवटी त्याने एका माशाच्या अंड्याची वाढ दाखवणारी फिल्म विज्ञान अकादमीपुढे ठेवली, तेव्हा एक शास्त्रज्ञ चिडून उठून गेले. सिनेमा म्हणजे करमणूक, त्यात कसलं विज्ञान, असा त्यांचा आक्षेप होता. पेंलव्हेने आयुष्यभर फिल्म करूनच त्याला उत्तर दिलं. 1928 मध्ये ऑक्टोपसवर, मग समुद्री कोळी, खेकडे, कोळंबी. यांतलं बरंचसं चित्रण काचेच्या टाकीतलं. प्रखर दिव्यांनी टाकीतलं पाणी तापे आणि प्राणी हैराण होत. पण टाकीमुळे तो जितका जवळ जाऊ शकला, तितकं जवळ तोवर कोणी गेलं नव्हतं.

1930 च्या दशकाच्या मध्यावर आलेला समुद्रघोड्यावरचा ‘लिपोकांप’ हा त्याचा सर्वांत गाजलेला चित्रपट. समुद्रघोड्यात पोरं जन्माला घालण्याचं काम नराचं असतं. मादी अंडी नराच्या पोटावरच्या पिशवीत ठेवते आणि कळा देतो तो नर. काही दृश्यं घेण्यासाठी पेंलव्हे आर्काशोंच्या उपसागरात स्वतः उतरला. हवा वरून नळीने पंप होत होती आणि हातातल्या छोट्या कॅमेऱ्यात काही सेकंदांचीच फिल्म मावे. ती संपली की वर यायचं, फिल्म बदलायची, पुन्हा खाली. जन्माचा क्षण टिपण्यासाठी त्याला टाकीसमोर दिवस-रात्र जागावं लागलं. डुलकी लागून मान खाली गेली की विजेचा हलका झटका बसेल अशी सोय त्याने स्वतःच्या डोक्याला बांधली होती. फाळक्यांच्या वाटाण्याची आठवण इथे होते. एकाने महिनाभर कुंडीसमोर ठाण मांडलं, दुसऱ्याने टाकीसमोर. दोघांच्याही फिल्मचं खरं भांडवल वाट पाहणं हेच होतं.

पेंलव्हेने तो जन्म हातचं काही न राखता दाखवला. आकडीसारखा वाकणारा नर, पिशवीच्या तोंडातून उसळून बाहेर पडणारी इवली पिल्लं आणि सोबत दारियुस मियोचं संगीत. लोकांना हा चित्रपट इतका आवडला की समुद्रघोड्याच्या आकाराचे दागिने बाजारात आले. पुढे 2001 मध्ये यो ला टेंगो या अमेरिकन वाद्यवृंदाने पेंलव्हेच्या जुन्या फिल्मसाठी नवं संगीत रचलं आणि पेंलव्हे नव्या पिढीला पुन्हा भेटला.

तिसरा मार्ग सर्वांत धाडसाचा होता. कोठी नको, टाकीही नको, माणसानेच मासा व्हायचं. व्हिएन्नाचा हान्स हास विशीच्या आत होता, तेव्हा फ्रान्सच्या किनाऱ्यावर त्याने एका अमेरिकन माणसाला भाल्याने मासे मारताना पाहिलं आणि त्याने समुद्राचा ध्यास घेतला. 1939 मध्ये तो मित्रांसह कॅरिबियन समुद्रातल्या कुरासाव बेटावर गेला. डोळ्यांवर चष्मा, पायात पाते, एका श्वासात जितकं राहता येईल तितकं पाण्यात. युरोपात युद्ध पेटल्यावर त्याला अमेरिका, जपान आणि सायबेरिया असा अर्ध्या पृथ्वीला वळसा घालून घरी यावं लागलं. ‘पिर्श उंटर वासर’ हा त्याचा पहिला लघुपट. पुढे 1951 मध्ये तांबड्या समुद्रातल्या त्याच्या चित्रपटाने व्हेनिसला पारितोषिक मिळवलं. त्याची सचिव लोट्टे हिला सोबत न्यायला तो आधी राजी नव्हता. चित्रपटात बाई हवीच, असा निर्मात्यांचा आग्रह होता म्हणून ती गेली. जेव्हा पाण्याखाली जाणं पुरुषांचंच काम समजलं जाई, तेव्हा ती शार्कसमोर कॅमेरा घेऊन उभी राहिली आणि प्रेक्षकांना तीच जास्त लक्षात राहिली. तिने हासशी लग्न केलं आणि पुढची कित्येक वर्षं दोघं मिळून उतरत राहिले.

याच सुमारास फ्रेंच नौदलातला अधिकारी जॅक-इव्ह कुस्तो दुसऱ्या बाजूने त्याच ठिकाणी पोचत होता. युद्धामुळे सिनेमाची फिल्म मिळेना, तेव्हा त्याने फोटोच्या कॅमेऱ्यांचे छोटे रोल विकत घेऊन एकमेकांना चिकटवले आणि त्यांवर पहिला चित्रपट काढला. 1943 मध्ये एमिल गान्यां या अभियंत्यासोबत त्याने ‘अॅक्वालंग’ तयार केलं. पाठीवर दाबलेल्या हवेच्या टाक्या, तोंडात नळी आणि जितकी गरज तितकीच हवा सोडणारी झडप. नळीचं बंधन गेलं, जड पोशाख गेला आणि माणूस पाण्यात पक्ष्यासारखा फिरू लागला. आज तारकर्लीला सुट्टीत स्कूबा करणारा पर्यटक जे उपकरण तोंडात धरतो, त्याचं मूळ इथे आहे.

1956 चा ‘द सायलेंट वर्ल्ड’ हा या सगळ्या धडपडीचा कळस. कुस्तोचा सहदिग्दर्शक होता 23 वर्षांचा लुई माल. सुरुवातीलाच पाणबुडे हातात धगधगत्या मशाली घेऊन निळ्या अंधारात उतरतात आणि बुडबुड्यांची धारदार रांग वर जाते. त्या एका दृश्याने जगभरच्या प्रेक्षकांना जिंकलं. कान महोत्सवात सर्वोच्च पारितोषिक मिळवणारा तो पहिला माहितीपट ठरला. पुढे ऑस्करही मिळालं. ‘कॅलिप्सो’ या जहाजावरून भूमध्य समुद्र, तांबडा समुद्र, इराणचं आखात आणि हिंदी महासागर असा तो प्रवास आहे. त्यात गोब्र्याच्या जातीचा एक भलामोठा मासा पाणबुड्यांशी इतका लाडात येतो की इतर माशांना खायला घालता यावं म्हणून त्याला पिंजऱ्यात ठेवावं लागतं.

आणि याच चित्रपटात आज पाहवत नाहीत अशीही दृश्यं आहेत. माशांची मोजदाद करायची म्हणून प्रवाळाच्या खडपाशी सुरुंग लावला जातो आणि मेलेल्या माशांचे ढीग वाळूवर मांडले जातात. जहाजाच्या पंख्याने व्हेलचं पिल्लू जखमी होतं. त्याला गोळी घातल्यावर रक्ताच्या वासाने शार्क येतात, तेव्हा खलाशी सूड उगवावा तसे त्यांना ओढून वर घेतात आणि कुऱ्हाडींनी मारतात. कासवाच्या पाठीवर बसून गंमत केली जाते. हे सगळं अभिमानाने दाखवलं आहे, लपवलेलं नाही. पुढे हाच कुस्तो समुद्राचा वकील झाला. 1960 मध्ये भूमध्य समुद्रात किरणोत्सारी कचरा टाकण्याला त्याने विरोध केला, 1973 मध्ये संस्था काढली आणि अंटार्क्टिकातल्या खाणींविरुद्ध मोहीम चालवली. त्याचा हा पालट समजून घ्यायचा असेल, तर 1956 चा चित्रपट न कापता पाहिला पाहिजे.

आपल्याकडे हे जग घराघरात आलं ते केबलच्या तारेवरून. 1995 मध्ये डिस्कव्हरी वाहिनी भारतात सुरू झाली. ठाण्यात घोडबंदर रस्त्यावर असो की डोंबिवलीत कल्याण-शीळ रस्त्यालगत, दोन्हीकडे त्या काळात इमारती उभ्या राहत होत्या आणि प्रत्येक गच्चीवरून केबलच्या तारा लोंबत होत्या. लोकल गाठून दमून आलेली माणसं जेवताना प्रवाळाचे बगीचे पाहू लागली. पुढे निवेदन हिंदीत आलं आणि आजी-आजोबाही टीव्हीसमोर टिकले. 2001 मध्ये बीबीसीच्या ‘ब्ल्यू प्लॅनेट’ने तर समुद्रतळ दिवाणखान्यात आणून ठेवला. हे कार्यक्रम चकचकीत होते, पण त्यांची कुळी विल्यमसनच्या कोठीपर्यंत आणि पेंलव्हेच्या टाकीपर्यंत जाते. जवळून दाखवायचं, धीराने थांबायचं आणि प्राण्याचं आयुष्य कथेसारखं सांगायचं, हे तिन्ही डावपेच त्या जुन्या मंडळींचेच.

विशेष म्हणजे हे सगळं पाहणाऱ्या ठाणेकराच्या घरापासून समुद्र लांब नाही. घोडबंदर रस्त्याच्या एका अंगाला संजय गांधी उद्यानाचे डोंगर, दुसऱ्या अंगाला उल्हास नदीची खाडी. पण त्या पाण्यात कॅमेरा सोडला तर पुढ्यातला हातसुद्धा दिसणार नाही. गाळ आणि शहरांचं सांडपाणी यांनी खाडी कायम गढूळ असते. ठाण्यातल्याच चेंदणीच्या कोळीवाड्यातल्या जुन्या माणसांना आपल्या खाडीत काय होतं आणि काय गेलं हे जाळ्यातून कळलं, डोळ्यांनी कोणी पाहिलं नाही. दिसत नाही म्हणून तिथे काही नाही असा समज व्हायला वेळ लागत नाही, आणि तसा समज झाला की खाडीत भराव टाकणं सोपं जातं.

जुन्या पाणपटांचं आकर्षण टिकून राहण्याचं एक कारण इथेच आहे. विल्यमसनने बहामात टिपलेली आणि हासने कॅरिबियन समुद्रात पाहिलेली प्रवाळं आज तशी राहिलेली नाहीत. 1998 मध्ये समुद्र तापून जगभर प्रवाळ पांढरं पडलं, 2016 च्या सुमारास पुन्हा तेच झालं. त्या फिल्म आता पुराव्याचं काम करतात. समुद्र कसा होता, हे सांगणारे ते साक्षीदार आहेत, आणि साक्षीदाराचं सगळं वागणं सोज्ज्वळ नसलं तरी त्याची साक्ष मोलाची असते.

तरीही निवड करायची झाली, तर माझं मत पेंलव्हेला. विल्यमसनचं यंत्र थक्क करतं, कुस्तोच्या मशाली डोळे दिपवतात, पण दोघांच्याही फिल्ममध्ये केंद्रस्थानी माणसाचा पराक्रम आहे. पेंलव्हेच्या टाकीसमोर पराक्रम गाजवायला जागाच नव्हती. माशाने आपल्या वेळेला जे करायचं ते करावं, आपण जागं राहावं, एवढंच. त्याचे प्राणी टाकीत होते, दिव्यांनी शेकले जात होते हे मान्य. पण त्याच्या समुद्रघोड्याला कोणी शौर्य दाखवायला उभं केलं नव्हतं. म्हणून तो नव्वद वर्षांनीही शिळा होत नाही.

आपल्या किनाऱ्यालाही असा एखादा धीराचा कॅमेरा हवा आहे. मालवणच्या समुद्राला 1987 मध्ये सागरी अभयारण्याचा दर्जा मिळाला, तिथे प्रवाळ आहे. विजयदुर्गापासून शंभराहून अधिक किलोमीटर आत कान्होजी आंग्र्यांचं नाव लाभलेला आंग्रिया बँक हा बुडालेला उंचवटा आहे आणि त्यावरही प्रवाळाची वस्ती आहे. मोबाइलवर स्कूबाच्या रील उदंड आहेत, पण त्यांत मुख्य पात्र असतो तो हात हलवणारा पर्यटक. एकाच खडपाचं वर्षानुवर्षं, ऋतूमागून ऋतू, तेवढ्याच निगुतीने केलेलं चित्रण आपण जमवायला हवं. विद्यापीठांनी, मत्स्य महाविद्यालयांनी आणि किनाऱ्यावरच्या पोरांनी हे काम हाती घ्यावं. कॅमेरे आता स्वस्त आहेत, पाणबंद पेट्या बाजारात मिळतात, पाण्यात उतरायला शिकवणारी माणसं तारकर्लीत आहेत. फाळक्यांनी एका वाटाण्यासाठी जेवढा वेळ दिला, त्याच्या दसपट वेळ मालवणच्या एका खडपाला मिळाला, तर पुढच्या पिढीकडे साक्ष उरेल.